दाराची कळ आणि आंतला दिवा

दार लागलें आहे कीं नाहीं, हा प्रश्न घराइतकाच जुना आहे. घराचें दार ओढून अडसर सरकविला, म्हणजे त्या प्रश्नाचें उत्तर हातालाच मिळत असे. रात्रीं झोंप चाळवली व संशय आला, तर उठून चांचपून पाहण्यास चार पावलें पुरत. बैलगाडीला दार नव्हतें आणि दमणीला फार तर पडदा असे. त्यामुळें वाहनाच्या बाबतींत हा प्रश्न फार काळ उपस्थितच झाला नाहीं. कांहीं घोडागाड्यांस अर्ध्या उंचीचें दार आलें, तरी तें लागलें कीं नाहीं हें गाडीवानाच्या डोळ्यांस दिसत असे. मोटारीच्या दारानें मात्र गेल्या शंभर वर्षांत निराळीच विद्या संपादन केली. आपण लागलों आहों कीं नाहीं, हें तें प्रथम एका दिव्यास आणि पुढें एका संगणकास सांगूं लागलें. आणि ज्याला बोलतां येऊं लागतें, त्याला खोटें बोलणेंही साधतें. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यांत रात्रभर अंगणांत उभ्या असलेल्या एखाद्या गाडीचीं चारही दारें घट्ट लागलेलीं असतां आंतला दिवा मात्र पहांटेपर्यंत तेवत राहतो, तो अशा खोट्या साक्षीचाच परिणाम होय. बिघाड दिसावयास क्षुद्र आहे. परंतु त्याच्या मागचा इतिहास क्षुद्र नाहीं, आणि त्याचे परिणामही कित्येकदां क्षुद्र नसतात.

कार्ल बेन्झ यानें १८८६ मध्यें जर्मनींत आपल्या तीनचाकी गाडीचें पेटंट घेतलें, तेव्हां त्या गाडीस दार नव्हतें आणि छप्परही नव्हतें. मग आंतल्या दिव्याची गोष्ट कशाला? पुढील वीस-पंचवीस वर्षें मोटारीच्या दिव्यांचा विजेशीं फारसा संबंध नव्हता. कांहीं दिवे रॉकेलवर जळत, तर कांहीं कार्बाइडच्या खड्यांवर थेंब थेंब पाणी सोडून निघणाऱ्या ॲसिटिलीन वायूवर. एंजिन सुरू करण्यास पुढून लोखंडी हँडल घालून तें जोरानें फिरवावें लागे. एंजिनानें उलटा झटका दिला, तर मनगट मोडे. त्या काळीं विजेचा सांठा हा मोटारीचा प्राण झालेला नव्हता. मनुष्याचा दंड हाच तिचा प्राण होता.

हें चित्र एका शोधानें पालटलें. फ्रान्समधील गास्तों प्लांते यानें १८५९ मध्येंच शिसें आणि गंधकाम्ल यांची पुन्हा पुन्हा भरतां येणारी बॅटरी तयार केली होती. अमेरिकेंतील चार्ल्स केटरिंग यानें तिचा उपयोग एंजिन फिरविण्याकडे केला, आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत विजेचा स्टार्टर व विजेचे दिवे हीं दोन्ही एकाच बॅटरीवर बसविण्यांत आलीं. हँडल मारण्याचे कष्ट हळूहळू संपले. परंतु या सुखाबरोबर एक परावलंबनही आलें. जी बॅटरी दिवा लावते तीच सकाळीं एंजिन फिरविते; म्हणून रात्रीं दिव्यानें जें खाल्लें, तें सकाळीं स्टार्टरास कमी पडावयाचें. या लेखांतील सर्व अडचण या एका वाक्यांत सांठलेली आहे.

१९२० नंतरच्या दशकांत बंद टपाच्या मोटारी बहुसंख्य होऊं लागल्या. गाडी बंद झाली, म्हणजे रात्रीं आंत अंधार आला. अंधार आला, म्हणजे दिवा आला. आणि दार उघडतांच दिवा आपोआप लागावा ही सोय त्यामागोमाग आली. ही सोय ज्या कळेनें साधली, तिची रचना अत्यंत साधी होती. दाराच्या चौकटींत, बिजागरीजवळ, बोटाच्या पेरापेक्षां लहान अशी एक दांडी बसविलेली असे. तिच्या मागें स्प्रिंग. दार लागलें कीं तें दांडीला आंत दाबी व विजेचा मार्ग तुटे. दार उघडलें कीं स्प्रिंग दांडीला बाहेर लोटी व मार्ग जुळे. बॅटरीचें एक टोंक गाडीच्या पत्र्यासच जोडलेलें असल्यामुळें या कळेस एकच तार पुरे. परतीची वाट पत्राच होई. कोणाही मुलानें ती बोटानें दाबून दिवा विझवावा आणि सोडून लावावा, असा तो उघड कारभार होता.

आपल्याकडे मोटारींचा धंदा रुजविणाऱ्यांत मूळचे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांचें नांव अग्रभागीं आहे. त्यांनीं १९४४ मध्यें प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली व मुंबईजवळ कुर्ला येथें तिचा कारखाना उभा राहिला. इटलींतील फियाट कंपनीशीं पुढें झालेल्या करारामुळें जी मोटार येथें तयार होऊं लागली, तीच अखेर प्रीमियर पद्मिनी या नांवानें घरोघर ओळखीची झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतून ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत धांवत होती. महिंद्र मंडळींनीं विलिस जीपची जुळणी सुरू केली तीही याच सुमारास, १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस. कच्च्या रस्त्यांच्या मुलखांत त्या जीपचें फार चाललें. तिला बहुधा दारेंच नसत. कापडी टप आणि बाजू मोकळ्या. जिला दार नाहीं तिला दाराची कळ नाहीं, आणि जिला कळ नाहीं तिला कळेचा बिघाडही नाहीं, असा तिचा रोकडा न्याय होता. डिसेंबर १९८३ मध्यें मारुति ८०० रस्त्यावर आली आणि डिसेंबर १९९८ मध्यें पुण्याची टाटा इंडिका आली. तेथपासून लहान गांवांतील कुटुंबांच्याही दारांत बंद टपाची मोटार उभी राहूं लागली.

डहाणू व तलासरी हे दोन तालुके १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत मोडतात. दोन्ही शेजारी असले तरी मोटारीच्या दृष्टीनें त्यांचे स्वभाव भिन्न आहेत. डहाणू, चिंचणी, घोलवड, बोर्डी हा पट्टा समुद्राचा. चिकूच्या वाड्या, नारळी, सुरूचीं झाडें आणि सदैव खारी, दमट हवा. तलासरी गांवास रेल्वे स्टेशन नाहीं. तें मुंबई-अहमदाबाद हमरस्त्यावर वसलेलें आहे. पूर्वीं ८ क्रमांकाचा म्हणून ओळखला जाणारा हा रस्ता हल्लीं ४८ क्रमांकाचा झाला आहे. चारोटीवरून तलासरी, अच्छाड करीत तो गुजरातेंत शिरतो, आणि त्यावरील अवजड वाहतुकीची धूळ दोहों बाजूंच्या पाड्यांवर बसते. एके ठिकाणीं मीठ, दुसऱ्या ठिकाणीं धूळ, आणि दोन्ही ठिकाणीं पावसाळ्याचे चार महिने मुसळधार पाऊस. विजेच्या लहानशा जोडास याहून वाईट शेजार मिळणें कठीण. खाऱ्या हवेनें तांब्यावर हिरवा कळंक चढतो व लोखंडी स्प्रिंग गंजून खाल्ली जाते; धूळ जुन्या ग्रीजमध्यें मिसळून तिचा चिखल होतो, व तो उन्हाळ्यांत वाळून घट्ट बसतो.

जुन्या दांडीच्या कळेस हे रोग होत, तेव्हां त्यांचें निदान डोळ्यांनीं होत असे. दांडी आंत अडकून बसली तर दार उघडूनही दिवा लागत नसे. वरचें रबरी टोपण झिजलें किंवा बिजागरी सैल होऊन दार खालीं बसलें, तर दांडी पुरी दाबली जात नसे व दिवा विझत नसे. मिस्त्री काचकागदानें जोड घासी, दांडीच्या टोंकास सायकलीच्या ट्यूबचा तुकडा चिकटवी, आणि काम पुरें होई. आजच्या गाडींत मात्र चौकटीकडे पाहिलें तर दांडी सांपडत नाहीं. ती गेली कोठें?

तिचें उत्तर पुन्हा अमेरिकेकडे नेतें. फ्रीपोर्ट गांवच्या एका बॅटरीच्या कारखान्यांतील मॅक्गॉल नांवाच्या गृहस्थानें १९३२ मध्यें एक अगदीं लहान कळ शोधून काढली. तींत पातळ धातूची पट्टी अशा ताणानें बसविलेली असते कीं, केसभर दाबानें ती टक्‌ करून एका बाजूवरून दुसरीवर उडी घेते. मध्यें रेंगाळत नाहीं. हीच मायक्रोस्विच. ती शेंगदाण्याएवढ्या जागेंतही बसूं शकते, हें ध्यानांत आल्यावर विसाव्या शतकाच्या अखेरीस मोटारीच्या कारखानदारांनीं ती चौकटींतून उचलून दाराच्या कुलपाच्या पोटांतच बसविली. कुलपांत नखीसारखा एक फिरता तुकडा असतो; दार लावतांच तो चौकटीवरील लोखंडी आंकड्यास कवटाळतो, आणि दुसरा एक खिट्टीसारखा तुकडा त्याला मागें फिरूं देत नाहीं. दार अर्धवट लागलें तर एक टिचकी ऐकूं येते, पूर्ण लागलें तर दोन. मायक्रोस्विच या तुकड्यांवर नजर ठेवून बसलेली असते. चौकटींतील दांडीला दार जवळ आलें एवढेंच कळे. कुलपांतील कळेस तें खरोखर अडकलें कीं नाहीं हें कळतें. ही सुधारणा निःसंशय चांगली होती.

त्याच काळांत दुसरा एक फेरफार घडला. जर्मनींतील बॉश कंपनीनें १९८६ मध्यें गाडींतील निरनिराळ्या संगणकांनीं थोड्या तारांवर एकमेकांशीं बोलण्याची पद्धति पुढें आणली. त्यामुळें दाराच्या कळेचा दिव्याशीं असलेला थेट संबंध पुष्कळ गाड्यांत सुटला. कळ आतां संगणकास वर्दी देते, आणि दिवा लावावयाचा, धोक्याची खूण दाखवावयाची, कुलुपें लावावयाचीं कीं नाहींत, हें संगणक ठरवितो. पूर्वीं कळ बिघडली तर एक दिवा चुके. आतां कळ बिघडली तर तिच्या सांगण्यावर विसंबणारा सगळा कारभार चुकतो: दिवा जळतो, समोरच्या पट्टीवर उघड्या दाराचें चित्र लुकलुकतें, आणि मालक किल्लीनें कुलूप लावूं गेला तर तें लागून पुन्हा उघडतें. कित्येक गाड्यांत ठराविक मिनिटांनंतर दिवा आपोआप मालविण्याची तरतूद असते. परंतु सर्वच गाड्यांत ती नसते.

या दिव्याचा खर्च किती, हें शाळेंतल्या गणितानेंही काढतां येईल. १० वॅटचा दिवा १२ व्होल्टच्या बॅटरींतून सुमारें ०.८३ अँपिअर वीज ओढतो. रात्रीं ८ पासून सकाळीं ६ पर्यंतच्या १० तासांत हा खर्च ८.३ अँपिअर-तास होतो. लहान मोटारीची नवी बॅटरी ३५ अँपिअर-तासांची धरली, तर एका रात्रींत तिचा सुमारें चौथा हिस्सा संपतो. शनिवारीं संध्याकाळीं उभी केलेली गाडी सोमवारीं सकाळीं पाहिली, तर ३६ तासांत ३० अँपिअर-तास गेलेले असतात, म्हणजे बॅटरी जवळजवळ रिकामी. जुनी, अर्ध्या ताकदीची बॅटरी पहिल्या रात्रींच दगा देण्याचा संभव असतो. शिवाय शिशाची बॅटरी रिकाम्या स्थितींत पडून राहिली, तर तिच्या पत्र्यांवर खडे धरतात व ती पुन्हा पुरी भरत नाहीं. डहाणूस १९९५ च्या सुमारास ५०० मेगावॅटचें औष्णिक वीजकेंद्र उभें राहिलें. हिशेबानें त्यावर असले ५ कोटी दिवे जळतील. पण त्याच गांवच्या अंगणांतील मोटारीस त्या विजेचा कांहीं उपयोग नाहीं. तिच्यापाशीं तिची शिदोरी तेवढी खरी.

आणि ती शिदोरी कोणत्या वेळीं लागेल याचा नेम नसतो. या तालुक्यांतील पाडे विखुरलेले आहेत. रात्रीं कोणास सर्पदंश झाला, एखाद्या बाईस प्रसूतीच्या वेणा सुरू झाल्या, तर जवळच्या सरकारी दवाखान्यापर्यंत आणि दुखणें कठीण असल्यास पुढें सिल्व्हासा किंवा वलसाडपर्यंत जावें लागतें. अशा वेळीं पाड्यांत जी एक जीप किंवा मोटार असेल तिच्याकडे सगळ्यांचे डोळे लागतात. किल्ली फिरविली आणि एंजिनानें नुसताच कटकट आवाज केला, तर त्या क्षणीं तो दिवा क्षुद्र राहत नाहीं. हातानें गियर टाकण्याच्या गाडीस चारचौघे धक्का मारून सुरू करूं शकतात. आपोआप गियर बदलणाऱ्या गाडीस तोही उपाय लागू पडत नाहीं.

म्हणून हा दोष दिसतांच दूर करणें अवश्य आहे, आणि बहुधा तो थोडक्यांत दूर होतो. प्रथम छताच्या दिव्याजवळची त्याची स्वतःची कळ पाहावी. तिला सामान्यतः तीन जागा असतात: बंद, दाराबरोबर, आणि कायम चालू. कोणीं ती चुकून तिसऱ्या जागीं सारली असेल, तर दुखणें तेथेंच संपलें. तसें नसल्यास कोणतें दार खोटें बोलतें तें शोधावें. एकेक दार बाहेरून तळहातानें दाबून पाहावें. ज्या दारावर दाब पडतांच दिवा लुकलुकतो, तें दार संशयित. दार खालीं बसलें असेल किंवा चौकटीवरील आंकडा सरकला असेल, तर नखी पुरी फिरत नाहीं. तो आंकडा ढिला करून किंचित् सरकवून पुन्हा आवळल्यानें काम होतें.

आंकडा जागेवर असेल, तर दार उघडें ठेवूनच कुलपाची परीक्षा करावी. पेंचकसाच्या दांडीनें नखी फिरवून दोन टिचक्या होऊं द्याव्या. गाडीला दार लागल्याचा भास होईल. तरीही दिवा विझला नाहीं, तर दोष कुलपाच्या आंत किंवा तारेंत आहे. येथें एक सावधगिरी विसरूं नये: दार पुन्हा लावण्यापूर्वीं मूठ ओढून नखी सोडविलीच पाहिजे, नाहीं तर ती आंकड्यावर आदळून मोडते. त्यानंतर विजेचे जोड साफ करण्याचा फवारा कुलपाच्या फटींत मारावा व नखी वीस-पंचवीस वेळां फिरवून सोडावी. फवारा पेट घेणारा असतो. विडी-काडी जवळ नसावी. जुन्या ग्रीजचा काळा चिखल वितळून बाहेर येईल, तो फडक्यानें पुसावा, पुन्हा एकदां फवारावें, वाळूं द्यावें, आणि मग नव्या पांढऱ्या ग्रीजचें बोट फिरवावें. कळेची पट्टी केवळ चिकटलेली असेल, तर एवढ्यानें ती पुन्हा टक्‌ करूं लागते.

एवढ्यानें गुण न आल्यास दार आणि चौकट यांच्यामधील रबरी नळी पाहावी. दार उघडतां-मिटतां तींतील तारा हजारों वेळां वांकतात व वरचें आवरण चिरून पत्र्यास टेकतात. अखेरचा उपाय दाराचें आंतलें आवरण काढून कुलपाचा जोड सोडविण्याचा. तेथें मीटर लावून नखी मिटली आणि उघडली असतां कळ खरोखर बदलते कीं नाहीं, हें मिस्त्रीनें पाहावें. बदलत नसेल तर कळ गेली. बदलत असेल तर दोष तारेंत किंवा संगणकाच्या पेटींत शोधावा. दुरुस्ती होईपर्यंत छताचा दिवा बंद ठेवावा. गाडी दोन-चार दिवस उभी राहणार असेल, तर बॅटरीची ऋण बाजूची तार सोडून ठेवणें अधिक सुरक्षित.

येथें एका वाईट तोडग्याचा उल्लेख केला पाहिजे. घाईच्या वेळीं कोणी कोणी कळेच्या तारा कायमच्या जोडून किंवा तोडून टाकतात, जेणेंकरून गाडीला दार नेहमीं लागलेलेंच वाटावें. दिवा विझतो, खूण जाते, मालक समाधानानें घरीं जातो. पण दोन्ही खोटेपणांत फार अंतर आहे. लागलेलें दार उघडें आहे असें सांगणारी कळ फार तर बॅटरी रिकामी करते. उघडें दार लागलेलें आहे असें सांगणारी कळ धांवत्या गाडींतून मूल बाहेर पडेपर्यंत स्वस्थ बसते. हमरस्त्यावरील वेग व आडरस्त्यावरील खांचखळगे ध्यानांत घेतां, ती खूण गमावणें हा सौदा महागांत पडणारा आहे.

पूर्वींच्या दांडीची कळ स्वस्त होती व वेगळी मिळे. आजची कळ पुष्कळ गाड्यांत कुलपाच्या पोटांत कायमची मिटवून टाकलेली असते, आणि शेंगदाण्याएवढा तुकडा बिघडला तरी सगळें कुलूप बदलावें, असाच सल्ला बहुधा मिळतो. तो प्रत्येक वेळीं चुकीचा असतो असें नाहीं. गंजून गेलेलें कुलूप बदलणेंच शहाणपणाचें. परंतु बदलण्यापूर्वीं साफ करून पाहणें, साफ करण्यापूर्वीं तपासून पाहणें, आणि तपासण्यापूर्वीं दिव्याची स्वतःची कळ पाहणें, हा क्रम जुन्या मिस्त्रींनीं राखलेला आहे व तो आजही खरा आहे. डहाणूची खारी हवा बदलणार नाहीं, तलासरीची धूळ इतक्यांत बसणार नाहीं. पावसाळा सरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास गाडी धुवून तिला हार घालण्याचा प्रघात सर्वत्र आहे. त्याच दिवशीं चारही कुलुपांतील जुनें ग्रीज काढून नवें घालण्यास अर्धा तास पुरतो. तेवढें केलें, तर वेळीं-अवेळीं किल्ली फिरविणाऱ्या हाताला एंजिनाचें उत्तर मिळण्याची शाश्वती पुष्कळच वाढते.